पूलवरून आल्यावर पोराचं अंग पांढरं पडतंय नि रात्रभर खाजवालाय, काय करायचं?

वडगावची_आई

नमस्कार मंडळी. माझा धाकटा साडेपाच वर्षांचा, मोठी आता पाचवीत गेली. दोघांना यंदा सुट्टीत स्विमिंगच्या बॅचला घातलंय, सकाळी आठ ते नऊ. बारा दिवस झाले. मोठीला काही नाही, ती मस्त आहे, खरं धाकट्याचं अंग आठवड्याभरातच पांढरं पडायला लागलं, नखानं ओढलं तर पाटीवर ओढल्यासारखी रेघ उठते बघा. पोटऱ्या नि कोपरं तर वाळलेल्या मातीसारखी झालीत. आता तीन-चार दिवस झाले जांघेत आणि कमरेला कॉस्च्युमचं इलॅस्टिक बसतं तिथं लाल झालंय, झोपेत खाजवालाय, सकाळी उठून बघावं तर ओरखडे.

सासूबाई म्हणालेत बंद करा ते पोहणं, औषधाचं पाणी ते, आमच्या वेळी पोरं विहिरीत पडून असायची कुणाला खाज सुटली नाही. शेजारच्या वहिनींनी मेडिकलमधून एक ट्यूब आणून दिलीय, त्यांच्या पोराला दोन दिवसांत फरक पडला म्हणे, अजून लावली नाही मी. मी माझ्याकडून सगळं करते की, घरी आल्या आल्या गिझरचं चांगलं कडक पाणी काढून साबण लावून जाळीनं घासून आंघोळ घालते, अंगाला क्लोरीन राहू नये म्हणून. तरी असं का होतंय?

बंद करायचं नाहीय मला. बेळगुंदीला आमच्या शेतात विहीर आहे, पोरं सुट्टीत निम्मा वेळ तिकडंच, पोहायला आलंच पाहिजे त्यांना. काय लावायचं तेवढं सांगा.

निपाणीची_आत्या

अगं बाई ती जाळी पहिला फेकून दे. एवढंसं पोर, त्याला भांडं घासल्यासारखं घासतेस होय! मसुराच्या डाळीचं पीठ दुधात कालवून लाव, वर साय, आणि कोमट पाण्यानं धू. आमच्या तिन्ही पोरांना तेच केलं, साबण दिवाळीलाच दिसायचा. ती ट्यूब मात्र लावू नको, मेडिकलवाला काही डॉक्टर नव्हे.

मेडिकलवाला_शहापूर

आत्या, मेडिकलवाला डॉक्टर नव्हे हे एकशे एक टक्का मान्य, मी स्वतः मेडिकलवालाच आहे.

ताई, ट्यूबच्या पाठीमागं बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन असलं नाव असेल आणि त्याच्यासोबत अजून दोन-तीन औषधं, एक बुरशीचं, एक जंतूचं, अशी मिसळ असेल तर ती बाजूला ठेवा. ते स्टिरॉईड आहे. त्यानं दोन दिवसांत लाली नि खाज दबते हे खरंच, म्हणून तर वहिनी खूश. खरं ते जर नायटा असेल तर वरून दबतो आणि आतल्या आत पसरतो, मग त्याचं रूपच बदलतं, गोल कडा जाते नि डॉक्टरला पण पटकन ओळखू येत नाही. आणि जांघेतली कातडी पातळ, तिथं औषध जास्त आत शिरतं, लहान पोराच्या तर अजून. महिनाभर लावलं तर कातडी कागदासारखी होते, रेषा उठतात. चिठ्ठीशिवाय द्यायचंच नसतं ते, खरं गिऱ्हाईक येऊन 'ती खाजेची पिवळी ट्यूब' म्हणून हात पुढं करतं आणि आमच्यातलेच काही देतात. नाही दिली तर पलीकडच्या दुकानात जातात. असो, माझं रडगाणं नको.

स्टिरॉईड वाईटच असं नाही म्हणत हं. स्किनच्या डॉक्टरांनी बघून सौम्य दिलं, किती दिवस ते सांगितलं, तर बिनधास्त लावा. शेजाऱ्याच्या पोराची ट्यूब आपल्या पोराला नको एवढंच.

खानापूरचा_गडी

सासूबाईंचं बरोबर आहे माझ्या मते. आम्ही असोग्याला मलप्रभेत दिवसदिवस पडून असायचो, कमरेला तेलाचा रिकामा डबा बांधून शिकलो, अंगाला ना क्रीम ना काय. घरी आलो की आईच्या हातचा मार तेवढा, तोच मसाज. पूलमध्ये ढिगानं ब्लीचिंग टाकतात, वास किती येतो बघा, डोळे चुरचुरतात. क्लोरीन जास्त झालंय तिथं, जाऊन भांडा.

पाण्यावरचा_अण्णा

भांडायला जायच्या आधी वाचा. मी सहा वर्षं एका पूलवर पाणी बघायचं काम केलंय (कुठल्या ते विचारू नका).

तो जो नाकात जाणारा उग्र वास असतो ना तो क्लोरीन जास्त झाल्याचा नसतो. क्लोरीन पाण्यातल्या घामाशी, लघवीशी, अंगाच्या मळाशी लागलं की त्याचं क्लोरामाइन होतं, त्याचा तो वास, आणि डोळे पण त्यानंच चुरचुरतात. म्हणजे वास मारतोय याचा अर्थ पाण्यातलं कामाचं क्लोरीन घाण मारण्यात संपलं. उलट क्लोरीन वाढवायची नाहीतर ताजं पाणी सोडायची वेळ आली असा अर्थ. चांगल्या पूलला वास जवळजवळ येत नाही. मे महिन्यात एका बॅचला साठ-सत्तर पोरं पाण्यात, त्यातली निम्मी घरातून लाडू खाऊन घामेजून आलेली, डोक्याला तेल थापलेली, आणि बारकी पोरं पाण्यात काय काय करतात ते तुम्हाला माहीत आहेच, मग क्लोरीन बिचारं किती पुरणार.

मोजायचं काय असतं तर मोकळं क्लोरीन, म्हणजे अजून कामाचं उरलेलं, लिटरला 1 ते 3 मिलिग्रॅम, आणि पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल नि किती अल्कली तो आकडा, 7.2 ते 7.8. पीएच वर गेला की तेवढंच क्लोरीन असून पण जंतू मारायला कमी पडतं. ब्लीचिंग पावडरनं पीएच वर चढतो, टीसीसीएच्या (क्लोरीनच्याच एका प्रकारच्या) गोळ्यांनी खाली येतो, म्हणून रोज बघावं लागतं. छोटं किट असतं, नळीत पाणी घेऊन थेंब टाकला की पिवळं होतं, जितकं पिवळं तितकं क्लोरीन. ताई तुम्ही काऊंटरवर जाऊन सरळ विचारा, आजचं रीडिंग काय? नीट पूल असेल तर वही दाखवतील. वही नाही, किट नाही, वर तळ दिसत नाही असं पाणी असेल तर पूल बदला, क्रीम नंतर बघा.

अजून एक. उघड्या पूलमध्ये उन्हानं क्लोरीन उडून जातं म्हणून आम्ही रात्री बंद झाल्यावर टाकायचो. त्यामुळं पहाटेच्या पहिल्या बॅचला पाणी जरा कडक लागतं, दहाच्या नंतर जरा कमी. तुमची आठची, मध्येच आहे, ठीक आहे.

आणि खानापूरकर, नदीचं पाणी वाहतं असतं, पूलचं तेच पाणी फिरत असतं. विहिरीत क्लोरीन नाही म्हणून खाज नाही हे बरोबर, खरं विहिरीत कुणाला कानाला पू आला, कुणाला पोट बिघडलं त्याची वही कोण ठेवत होतं?

खानापूरचा_गडी

बरं बाबा, हरलो. डब्याचं खोटं नाही तरी.

टिळकवाडी_सेकंड_गेट

ताई, माझ्या लेकीला एक्झिमा आहे, म्हणजे कातडी कोरडी पडून खाजायचा आजार, तान्ही असल्यापासून. गेली तीन वर्षं ती पोहायला जाते आणि आता काही त्रास नाही, म्हणून जरा लांब लिहिते, कंटाळू नका. आधी दोन गोष्टी विचारायच्यात. पूलवर पोहून झाल्यावर तिथंच शॉवर घेता का? आणि घरी कसं येता, ओल्या कॉस्च्युमवरच का?

वडगावची_आई

तिथल्या शॉवरला लाइन असते हो, आणि पाणी गार, हा कुडकुडतो म्हणून टॉवेल गुंडाळून तसाच स्कूटरवर पुढं उभा करते. वाटेत कधी भाजी घ्यायची असते. घरी पोचायला अर्धा-पाऊण तास जातोच. कॉस्च्युम घरी आल्यावरच काढतो.

टिळकवाडी_सेकंड_गेट

झालं, सापडलं की मग! पाऊण तास ओला कॉस्च्युम, त्यात पूलचं पाणी मुरलेलं, वर स्कूटरवर बसून घासतंय, आणि वाऱ्यानं बाकीचं अंग वाळतंय, क्लोरीन तसंच अंगावर. लाल नेमकं इलॅस्टिकला आणि जांघेतच झालंय म्हणजे तेच असणार असं मला वाटतं. मोठीला का नाही तर तिची कातडी आता जरा जून झाली, बारक्यांची पातळ असते, त्यातलं पाणी लवकर उडून जातं.

कातडीवर जो तेलकट थर असतो ना, तो पूलच्या पाण्यात निम्मा जातो. मग तुम्ही घरी येऊन कडक पाणी, साबण, जाळी, म्हणजे उरलेला निम्मा पण काढताय. मी पण हेच करत होते पहिल्या वर्षी, हात जोडून सांगते, क्लोरीन काढायच्या नादात मी लेकीचं अंग सोलून काढलं होतं. आपल्या साबणाचा पीएच नऊ-दहाच्या घरात असतो, अंगाचा साडेपाचच्या आसपास, आमच्या डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा कळलं की फेस जास्त म्हणजे स्वच्छ जास्त असं नसतं. त्यातून तुमच्याकडं बोअरचं जड पाणी असेल तर साबण नीट निघतच नाही, अंगावर चिकट थर बसतो, त्यानं पण खाज. राकसकोप धरणाचं नळाचं पाणी येतं त्या दिवशी फरक कळतो का बघा.

आता मी काय करते ते. पूलवर पाण्यात उतरायच्या आधी लेकीला साध्या पाण्याखाली पूर्ण भिजवते, केसांसकट. आधीच भिजलेली कातडी नि केस पूलचं पाणी कमी पितात. टॉवेलचं बघा ना, आधीच ओला असला की अजून किती पाणी धरणार, तसंच. शिवाय अण्णांनी सांगितलं तसं अंगावरचा घाम पण पाण्यात जात नाही. मग जिथं जिथं तिला पटकन फुटतं, कोपराच्या आत, गुडघ्याच्या मागं, तिथं व्हॅसलिन अगदी पातळ, बोटाला लागेल न लागेल एवढंच. थापायचं नाही, पाण्यावर तवंग येतो नि कोच ओरडतात, त्यांचं पण बरोबर.

बाहेर आली की तिथंच शॉवर, लाइन असू दे नाहीतर गार असू दे. दोन मिनिटं नुसतं पाणी. कुडकुडलं तर कुडकुडू दे, मरत नाही. मी घरून दोन लिटरच्या बाटलीत कोमट पाणी नेते, शॉवर नाहीच मिळाला तर कोपऱ्यात उभी करून डोक्यावरून ओतते, लोक बघतात, बघू दे. कॉस्च्युम तिथंच काढायचा, अंग टिपायचं, पुसायचं नाही, जांघ, काखा, बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या करायच्या, आणि अंग अजून जरा ओलसर आहे तोवरच, म्हणजे तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर. हे तीन मिनिटांचं मला आधी थोतांड वाटायचं. खरं घरी जाऊन वाळल्यावर लावलं तेव्हा दुप्पट लागायचं आणि उपयोग निम्मा. ओल्यावर लावलं की पाणी आतच कोंडून राहतं. मग सैल सुती चड्डी-बनियन आणि घरी.

घरी परत आंघोळ हवीच असेल तर कोमट पाणी, पाच-दहा मिनिटं, बिनसाबणाचा सौम्य वॉश मिळतो तो फक्त काखा-जांघेला. रात्री झोपताना परत एकदा मॉइश्चरायझर. वासाचं, रंगाचं, 'हर्बल' लिहिलेलं काही नको, साधं घट्ट क्रीम. लोशन पातळ असतं, उन्हाळ्यात बरं वाटतं खरं कोरड्या अंगाला क्रीमच लागतं. आणि मोठ्यांच्या टाचांचं युरियाचं क्रीम असतं ते चुकून लावू नका, मी लावलं होतं, पोरगी किंचाळली.

निपाणीची_आत्या

खोबरेल तेल चालेल की नाही ते सांगा, सगळं क्रीम क्रीम काय लावलंय. घाण्याचं तेल घरात असताना पैसे का घालवायचे.

टिळकवाडी_सेकंड_गेट

चालेल की आत्या, मी रात्री तेच लावते कधी कधी. शुद्ध खोबरेल कोरड्या अंगाला चांगलंच, एक्झिम्याच्या पोरांवर त्याचा अभ्यास पण झालाय नि गुण आलाय. फक्त पोहून आल्यावर, पोहायच्या आधी नाही. ऑलिव्ह ऑइल मात्र नको, माझ्या जावेनं बेंगळूरहून महागडी बाटली पाठवली होती, डॉक्टर म्हणाले त्यानं कातडीचा थर अजून सैल होतो, कोशिंबिरीत घाला. डाळीच्या पिठाचं तुमचं राग मानू नका, नेहमीच्या धडधाकट पोराला कधीतरी ठीक, खरं फुटलेल्या अंगावर पीठ चोळलं की बारीक ओरखडे येतात. साय लावा नुसती हवी तर, आणि नंतर धुऊन टाका.

निपाणीची_आत्या

राग कसला गे. पीठ नको तर नको. जाळी फेकून दे हे मीच पहिला सांगितलं, एवढं लक्षात ठेवा.

चिकोडी_ते_पुणे

मी पुण्यात असतो, इथं लोक पूलनंतर व्हिटॅमिन सीचा स्प्रे मारतात अंगावर. व्हिटॅमिन सीनं क्लोरीन मरतं म्हणे. घरी लिंबू पिळून चालेल काय?

पाण्यावरचा_अण्णा

व्हिटॅमिन सीनं क्लोरीन मरतं हे खरं आहे, पाण्यातलं क्लोरीन काढायला वापरतात पण. खरं लिंबू नको हो! लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं की कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि काळे डाग महिनोन्महिने जात नाहीत. मे महिन्यात लिंबू लावून पोराला स्कूटरवर उन्हातून न्यायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. नळाचं साधं पाणी फुकट आहे.

मेडिकलवाला_शहापूर

ऊन निघालंच आहे तर सांगतो. बेळगावची हवा गार, वारं असतं, वळवाचा पाऊस झाला की स्वेटर काढावंसं वाटतं, म्हणून आपल्याला वाटतं ऊन लागत नाही. चटका कमी लागतो, अतिनील किरण तेवढेच. दहा ते चारच्या बॅच उघड्या पूलवर बारक्यांना शक्यतो नकोच. आठची ठीक, तरी सनस्क्रीन लावा, एसपीएफ 30 किंवा वर, पाण्यात टिकणारं, आणि पोरांना झिंक ऑक्साइडवालं बरं, चुरचुरत नाही, जरा भुतासारखं पांढरं दिसतं तेवढं. उतरायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावायचं. आधी शॉवर, मग टिपून सनस्क्रीन, मग वाट बघायची, मग पाणी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन नाही, त्याला सावलीच. पूर्ण बाह्यांचा गुडघ्यापर्यंतचा कॉस्च्युम मिळतो तो घेतला तर लावायचं अंगच कमी उरतं, ते सगळ्यात सोपं.

संकेश्वर_एनएच4

माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहितेय, घाबरवायला नाही. आमच्या पोरीला पण आधी कोरडं अंग झालं, आम्ही क्रीम लावत बसलो, मग काखेजवळ मोत्यासारखे बारीक गोल दाणे आले, मध्ये टोचल्यासारखा खड्डा. खाजवून खाजवून दंडापर्यंत ओळीनं पसरले. स्किनच्या डॉक्टरांनी नुसतं बघून सांगितलं मोलस्कम म्हणून, व्हायरसचं असतं. पूलच्या पाण्यापेक्षा टॉवेलनं, एकमेकांच्या अंगाला अंग लागून पसरतं म्हणाले, आणि आमच्याकडं तिन्ही भावंडांना एकच टॉवेल होता! आपोआप जातं, खरं सहा महिने ते वर्ष, कधी अजून जास्त लागतं. फोडायचं नाही, पिळायचं नाही. पूलला जाताना दाण्यांवर पाणी न शिरणारी पट्टी. तर ताई, दोघांचे टॉवेल वेगळे करा आजच.

टिळकवाडी_सेकंड_गेट

हे बरं सांगितलं. अजून दोन-तीन गोष्टी असल्या तर वाट बघत बसू नका. कॉस्च्युमखालीच लाल दाणे, प्रत्येक केसाच्या मुळाशी, काहींच्या टोकाला पू, आणि पोहून आल्यावर एक-दोन दिवसांत उठलेले, हे पाणी नीट राखलेलं नसल्याचं लक्षण असतं, जंतूमुळं होतं. बहुतेक वेळा आपोआप बसतं, खरं पूलवाल्याला कळवा. मधासारखी पिवळी खपली धरली, ताप आला, लाली गरम लागायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टर. गोल चट्टा, कड लाल नि मध्ये साफ, तो नायटा. आणि बोटांच्या बेचक्यात पांढरं होऊन भेगा पडल्या तर चिखल्या, तुम्हाला वाटेल चिखल्या पावसाळ्यातल्या, खरं पूलच्या ओल्या फरशीवर अनवाणी फिरून उन्हाळ्यात पण होतात. स्लिपर घाला पोरांना.

वडगावची_आई

एवढं सगळं! खूप खूप आभार. ट्यूब बघितली, क्लोबेटासोलच लिहिलंय त्यावर, वहिनींना पण सांगितलं, त्या जरा फुगल्या आहेत. दाणे नाहीत, गोल चट्टा नाही, नुसतं लाल नि कोरडं. दोन दिवस सुट्टी देते आणि तुम्ही सांगितलं तसं करून बघते. शनिवारी स्किनच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट पण घेतलीय.

वडगावची_आई

(बारा दिवसांनी) मंडळी, विसरले नाही, आंब्याच्या गडबडीत होते. सांगते आता.

डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले कातडी कोरडी पडलीय आणि ओल्या कपड्यानं घासलंय, बाकी काही नाही. जांघेला पाच दिवसांसाठी एक सौम्य क्रीम दिलं आणि बाकी अंगाला साधं मॉइश्चरायझर, दिवसातून दोनदा. पोहणं बंद करायची गरज नाही म्हणाले. हे मी त्यांना सासूबाईंसमोर परत एकदा म्हणायला लावलं.

जाळी टाकली. कोमट पाण्याच्या बाटल्या नेतेय, दोन, कारण पहिल्या दिवशी एक मोठीनंच संपवली. पहिले दोन दिवस धाकटा शॉवरखाली इतका ओरडला की कोच बघायला आले, आता स्वतः जाऊन उभा राहतो. लाल चार दिवसांत गेलं. पोटऱ्या अजून जरा खरखरीत आहेत, खरं रेघ उठत नाही आता आणि रात्री झोपतो, मी पण झोपते. खोबरेल सासूबाईंच्या हाती दिलंय, रात्री त्याच लावतात, त्यामुळं त्यांचं पण पोहण्याबद्दलचं मत जरा मऊ झालंय.

अण्णा, रीडिंग विचारलं मी काऊंटरवर. आधी माझ्याकडं बघतच राहिले, मग वही काढून दाखवली, 1.5 होतं. म्हणजे पाणी ठीक, चूक माझीच होती. आणि गंमत सांगायची राहिली, पूलच्या दारावरच एक मोठा बोर्ड आहे कन्नडमध्ये, बारा दिवस मी त्याच्याखाली उभी राहून मोबाइल बघत होते. मोठीला शाळेत कन्नड आहे, तिनं परवा वाचून दाखवला, 'ईजुव मोदलु स्नान माडि'. पोहायच्या आधी आंघोळ करा. मी म्हटलं अगं मग आधी का नाही सांगितलंस, तर म्हणते तू विचारलंच नाहीस.

निपाणीची_आत्या

शहाणी आहे पोरगी. तिच्या केसांचं काय? पूलच्या पाण्यानं केस झाडूसारखे होतात.

वडगावची_आई

आधी भिजवून टोपी घालते आत्या, आणि बाहेर आल्यावर लगेच धुवून टाकते. तेल रात्री.

खानापूरचा_गडी

हे सगळं वाचून मी पण बॅच लावलीय, सकाळी सहाची, वजन कमी करायला. अडतीस वय आहे. पहिल्याच दिवशी पाठीला खाज सुटली. काय करू?

पाण्यावरचा_अण्णा

आधी आंघोळ करून गेला होतात काय?

खानापूरचा_गडी

नाही.